जन्माआधीचं रक्त
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज बोलायला सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करणार आहे. या चुकीला तीस वर्षं उलटून गेली. पण रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर जगात जो नवा उपचार निघाला आहे, तो समजून घ्यायला मला हीच चूक सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

१९९४ सालचा उन्हाळा. पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी डॉक्टर होतो. रक्त, लघवी, थुंकी तपासायची आणि चिठ्ठी लिहून द्यायची, हे आमचं काम. बाहेर व्हरांड्यात कायम रांग. त्या रांगेतून एक आजी चार महिन्यांची नात घेऊन आत आली. त्या मुलीचा थोरला भाऊ सिकलसेलचा रुग्ण होता. त्याचे हाल आजीने डोळ्यांनी पाहिले होते. "डाक्टरसाहेब, हिले बी तेच हाय का, तेवढं पाहून द्या," एवढंच तिचं म्हणणं.

सिकलसेलची प्राथमिक तपासणी तशी सोपी असते. काचेच्या नळीत औषधाचं पाणी घ्यायचं, त्यात थोडं रक्त टाकायचं आणि नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर पाणी गढूळ होतं आणि मागच्या रेघा दिसत नाहीत. नसेल तर रेघा स्वच्छ दिसतात. त्या दिवशी रेघा स्वच्छ दिसल्या. मी चिठ्ठीवर 'निगेटिव्ह' लिहिलं आणि आजीला म्हणालो, "मुलगी ठणठणीत आहे. जा घरी." आजीने मला हात जोडले.

सात महिन्यांनी आजी परत आली. मुलीचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय सुजले होते. हात लावला की किंचाळत होती. अंगात आठ दिवसांपासून ताप. घरच्यांनी तिला आठ दिवस घरीच ठेवलं होतं, कारण मुलीला काही झालेलं नाही असं डॉक्टरनेच सांगितलं होतं. आजी माझ्यावर ओरडली नाही. "तुमीच तं म्हनलं होतं ना साहेब, पोरीले काही नाही म्हून," एवढंच बोलली. मी पुन्हा तपासणी केली. या वेळी रेघा दिसल्या नाहीत.

मुलगी वाचली. पण त्या रात्री मी पुस्तक उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची ही तपासणी भरवशाची नसते. हे मी शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं. रांगेच्या गडबडीत विसरलो.

आता प्रश्न असा, की आजार जन्मापासूनच अंगात असताना चौथ्या महिन्यात तो तपासणीत का दिसला नाही? आणि अकराव्या महिन्यात कुठून आला? या प्रश्नाच्या उत्तरातच आजचा नवा उपचार आहे.

आपलं रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा, हे त्याचं काम. हिमोग्लोबिनचा एक रेणू चार साखळ्यांचा बनलेला असतो. तुमच्या-माझ्या रक्तात दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. पण आईच्या पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात अल्फा साखळ्या याच, पण बीटाच्या जागी गॅमा नावाच्या साखळ्या असतात. याला गर्भ हिमोग्लोबिन म्हणतात. पोटातलं बाळ स्वतः श्वास घेत नाही, त्याला प्राणवायू आईच्या रक्तातून ओढून घ्यावा लागतो. गर्भ हिमोग्लोबिनची प्राणवायूवरची पकड जास्त घट्ट असते, म्हणून ते या कामाला योग्य. बाळ जन्मलं की हळूहळू गॅमा साखळ्या कमी होत जातात आणि बीटा वाढत जातात. सहा महिन्यांच्या सुमारास ही अदलाबदल बरीचशी पुरी होते.

सिकलसेलमधला दोष असतो तो फक्त बीटा साखळीत. म्हणजे बीटाचं राज्य सुरू होईपर्यंत आजार दबा धरून बसतो. चौथ्या महिन्यात त्या मुलीच्या रक्तात गर्भ हिमोग्लोबिन अजून भरपूर होतं. त्याने तिला सांभाळलं होतं आणि मला फसवलं होतं.

ही गोष्ट जगात माझ्या आधी पुष्कळांच्या लक्षात आली होती. १९४८ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी पाहिलं, की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या लाल पेशी मोठ्या माणसांच्या पेशींसारख्या फारशा वाकड्या होत नाहीत. गर्भ हिमोग्लोबिन त्यांना वाचवत असावं, असा त्यांचा तर्क होता. तो पुढे खरा ठरला. तेव्हापासून वैद्यकशास्त्राच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. हे जन्माआधीचं रक्त मोठेपणी परत आणता येईल का?

या प्रश्नाचं मोल कळण्यासाठी आजार काय करतो ते थोडक्यात सांगतो. १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात कोयत्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचं लिहिलं. सिकल म्हणजे विळा, कोयता. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. १९५६-५७ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका कुठे आहे ते शोधलं. बीटा साखळीत एकाच ठिकाणी एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं येतं. जवळजवळ दीडशे मण्यांच्या माळेत एकच मणी चुकीचा, असं समजा. पण त्या एका मण्यामुळे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या वळल्यासारखे होतात, मऊ गोल पेशी ताठ आणि वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. जिथे अडकते तिथे कळा. आमच्या भागातले रुग्ण म्हणतात, "हाडात कोणी सळई फिरवते."

दुसरा आजार थॅलेसेमिया. त्यात बीटा साखळी चुकीची नसते, ती पुरेशी तयारच होत नाही. अशा मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून रक्त द्यावं लागतं. त्या रक्तातलं लोह शरीरात साठतं आणि हृदय, यकृत खराब करतं, म्हणून लोह काढायची औषधं वेगळी. आपल्या देशात दर वर्षी दहा हजारांच्या आसपास मुलं हा गंभीर आजार घेऊन जन्मतात असा अंदाज आहे.

दोन्ही आजार आईवडील दोघांकडून दोष आला तरच होतात. एकाकडूनच आला तर माणूस वाहक होतो, तो स्वतः आजारी नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. सिकलच्या वाहकाला गंभीर मलेरियापासून काही संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखांत हा दोष पिढ्यान् पिढ्या टिकून राहिला. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आढळला. विदर्भात आणि नंदुरबारकडे तो पुष्कळ आहे. तेव्हा हा अमक्या जातीचा रोग, तमक्या घराण्याचा डाग, असं म्हणणाऱ्यांनी हा डासांचा इतिहास लक्षात ठेवावा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गर्भ हिमोग्लोबिन मोठेपणी परत आणायचं म्हणजे काय करायचं?

एक गावजेवण डोळ्यांसमोर आणा. सकाळच्या पंगतीचा स्वयंपाक एका आचाऱ्याकडे आहे, संध्याकाळच्या पंगतीचा दुसऱ्याकडे. सकाळची पंगत उठली की मुकादम पहिल्या आचाऱ्याला सांगतो, तुम्ही आता बसा. मग दुसरा आचारी चूल हाती घेतो. समजा या दुसऱ्याच्या हातचं अन्न बाधतं आहे. आपण काय कराल? त्याला नव्याने स्वयंपाक शिकवायचा, हा एक मार्ग. पण पहिला आचारी मागच्या पडवीत झारा घेऊन बसलेलाच आहे. तो गेलेला नाही, त्याचा हातही बिघडलेला नाही. मुकादमाने बसवलं म्हणून बसला आहे. मग त्यालाच परत का बोलावू नये?

गॅमा साखळीचं जनुक हे तो पहिला आचारी. तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत ते शाबूत आहे. अकराव्या गुणसूत्रावर ही जनुकं एका रांगेत असतात आणि गंमत म्हणजे आयुष्यात ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने. गॅमा आधी, बीटा नंतर. गॅमा फक्त बंद केलेलं असतं. पण बंद करणारा मुकादम कोण, हे कित्येक वर्षं कळत नव्हतं.

त्याचा माग लागला तो काही नशीबवान माणसांमुळे. जगात काही लोकांचं गर्भ हिमोग्लोबिन मोठेपणीही पुरतं बंद होत नाही, आणि त्यामुळे त्यांचं काही बिघडत नाही. अशा माणसाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया झाला तरी तो सौम्य राहतो. आपल्याकडच्या पुष्कळ सिकल रुग्णांतही आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा गर्भ हिमोग्लोबिन जास्त आढळतं. पण म्हणून आपला आजार सौम्यच, असं मात्र कुणी समजू नये. विदर्भात गंभीर रुग्ण किती आहेत ते आम्ही पाहिलेलं आहे.

ब्रिटनमध्ये डॉ. स्वी ले थेन या संशोधिका अशा माणसांच्या मागावर होत्या. त्यांच्या सुरुवातीच्या कामात मूळ भारतीय असलेल्या एका मोठ्या कुटुंबाच्या रक्ताचाही उपयोग झाला. २००७ साली त्यांच्या गटाला दुसऱ्या गुणसूत्रावरचं एक जनुक सापडलं. त्याचं नाव बीसीएल११ए. पुढच्याच वर्षी इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या लोकांच्या अभ्यासातून तेच जनुक समोर आलं. त्या बेटावर थॅलेसेमिया पुष्कळ आहे. २००८ सालीच अमेरिकेत बोस्टनला डॉ. स्टुअर्ट ऑर्किन आणि त्यांचा विद्यार्थी विजय शंकरन यांनी प्रयोगाने दाखवून दिलं की गॅमाला बसवून ठेवणारा मुकादम तो हाच. २०११ साली सिकलसेल झालेल्या उंदरांत हा मुकादम हटवला, तर उंदीर सुधारले.

मग लगेच माणसांत का केलं नाही? कारण हा मुकादम एवढंच काम करत नाही. मेंदूच्या वाढीत आणि पांढऱ्या पेशींच्या घडणीत त्याची गरज असते. त्याला घरातूनच हाकललं तर दुसरीकडे नुकसान होणार. २०१३ साली याच बोस्टनच्या गटातल्या डॉ. डॅनियल बॉवर यांनी त्यातून वाट काढली. लाल पेशींच्या चुलीवर या मुकादमाला बोलावणारी एक स्वतंत्र चिठ्ठी त्याच्या जनुकाच्या आतच असते. डीएनएचा एक लहानसा तुकडा. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. लाल पेशी घडवणाऱ्या पेशींत हे जनुक जोरात चालवायचं, एवढंच त्याचं काम. ती चिठ्ठी फाडली की मुकादम बाकी सगळीकडे कामावर राहतो, फक्त या एका चुलीवर येईनासा होतो. पहिला आचारी उठून पुन्हा झारा हाती घेतो.

चिठ्ठी फाडायचं हत्यारही तोवर तयार झालं होतं. विषाणूंपासून बचाव करण्यासाठी जीवाणू एक कात्री वापरतात. तिला क्रिस्पर म्हणतात. हवं त्या जागी डीएनए कापायला ती कशी वापरायची, हे २०१२ साली इमॅन्युएल शारपॉन्तिये आणि जेनिफर डाउडना यांनी दाखवलं. २०२० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

या उपचारात आजारी जनुकाला हातसुद्धा लावलेला नसतो, हे लक्षात घ्या. चुकीचा मणी चुकीचाच राहतो. बदलतो तो जनुकांचा कारभार, कोणी काम करायचं आणि कोणी थांबायचं, एवढाच. म्हणूनच एकच उपचार दोन वेगळ्या आजारांना चालतो.

जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्टोरिया ग्रे या बाईंना नॅशव्हिल शहरात हा उपचार दिला गेला. अमेरिकेत तो घेणाऱ्या त्या सिकलसेलच्या पहिल्या रुग्ण. आयुष्यभर दुखण्याने रुग्णालयाच्या वाऱ्या करणाऱ्या या बाई पुढे जाहीर सभांतून आपला अनुभव सांगू लागल्या. २०२४ साली चाचण्यांचे सविस्तर निकाल प्रसिद्ध झाले. सिकलसेलच्या ज्या ३० रुग्णांवर पुरेसा काळ लक्ष ठेवलं होतं, त्यांपैकी २९ जणांना सलग वर्षभर तरी तीव्र दुखण्याचा झटका आला नाही. थॅलेसेमियाच्या ३५ पैकी ३२ जणांना वर्षभर तरी रक्त घ्यावं लागलं नाही. त्याआधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. त्याचं नाव कॅसजेव्ही. ती मान्यता बारा वर्षांच्या आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी होती.

श्रोतेहो, ही बातमी पेपरात आली आणि काही दिवसांनी माझ्या दारात एक बाई उभी राहिली. तीच. १९९४ सालची ती चार महिन्यांची मुलगी. आता शिक्षिका आहे. दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायला जिल्ह्याला येते, तेव्हा कधीकधी माझ्याकडे डोकावते. मी निवृत्त झालो आहे, पण तिची फाइल अजून पाहतो. तिने मोबाइलवर बातमी दाखवली आणि विचारलं, "सर, हे मला मिळेल का?"

मी तिला जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

हा उपचार म्हणजे एक सुई टोचून घरी जाणं नव्हे. आधी रुग्णाच्या रक्तातून मूलपेशी गोळा करतात. त्या प्रयोगशाळेत पाठवून त्यांच्यात बदल करतात, त्याला महिने लागतात. मग कर्करोगाला देतात तसं जहाल औषध देऊन हाडांतली जुनी मज्जा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी परत सोडतात. त्या रुजेपर्यंत कित्येक आठवडे रुग्णालयात वेगळ्या खोलीत राहावं लागतं. केस जातात, तोंड सोलतं, जंतुसंसर्गाची भीती असते. मूल होण्याची शक्तीही जाऊ शकते. बदल फक्त रक्तात होतो, पुढच्या पिढीला दिला जाणारा दोष तसाच राहतो. जमेची बाजू अशी की पेशी स्वतःच्याच असतात. भावाबहिणीच्या जुळणाऱ्या मज्जेचं रोपण हा उपचार आधीपासून आहे आणि तो चांगला आहे, पण जुळणारा दाता फार थोड्यांना मिळतो. इथे दाता शोधावा लागत नाही.

आणि किंमत? अमेरिकेत ती २२ लाख डॉलर ठरली. त्या वेळच्या हिशेबाने साधारण १८ कोटी रुपये.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, मी रोज घेते ती कॅप्सूलसुद्धा गर्भ हिमोग्लोबिनच वाढवते ना? मग माझ्या कॅप्सूलचं काम आणि या अठरा कोटींचं काम एकच का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. तिची कॅप्सूल म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. मूळचं कर्करोगाचं औषध. ते घेतल्यावर गर्भ हिमोग्लोबिन वाढतं आणि दुखण्याचे झटके कमी होतात, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १९९५ साली सिद्ध झालं. १९९८ साली तिथे त्याला मान्यता मिळाली. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या देशांतल्या मुलांवरच्या अभ्यासाचे निकाल २०१९ साली छापून आले. या औषधाने दुखणं, संसर्ग आणि मृत्यू, तिन्ही कमी झाले होते. म्हणून मी तिला म्हणालो, "दिशा एकच आहे, बाई. जोर वेगळा. कॅप्सूलचा परिणाम ती घेत असेपर्यंतच टिकतो, म्हणून रोज घ्यावी लागते. सगळ्यांना सारखी लागूही पडत नाही. नवा उपचार मुकादमाचं येणंच बंद करतो."

मग तिने भावाचं नाव काढलं. तिचा थोरला भाऊ १९९८ साली गेला. वय अकरा. ताप आला, छातीत दुखू लागलं, आणि तालुक्याहून जिल्ह्याला नेईपर्यंत संपलं. "त्याला ही कॅप्सूल मिळाली असती का हो सर?"

मी खोटं बोललो नाही. औषध सिद्ध होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आमच्या रुग्णालयाच्या कपाटात ते आलं तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. तो वाचला असता की नाही हे कुणी सांगू शकत नाही. पण त्याला संधीच मिळाली नाही, हे मात्र खरं. बोस्टनला शोध लागणं आणि आमच्या तालुक्यातल्या मुलाच्या तोंडात गोळी पडणं, यांत जी वर्षं जातात, त्या वर्षांत मुलं जातात. नव्या उपचाराबद्दल मला आनंद आहे तसाच हा घोरही आहे.

आपल्या देशात काही घडत नाही असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया आले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सरकारी जनुकशास्त्र संस्थेने सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर उपचार जाहीर केला. बिरसा मुंडांच्या नावावरून त्याला 'बिरसा १०१' असं नाव दिलं आहे, आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटला देण्यात आलं. किंमत कमी ठेवणं हाच त्यामागचा हेतू आहे. पण उपचार जाहीर होणं वेगळं आणि गावच्या रुग्णाला तो मिळणं वेगळं. मधल्या काळात रुग्ण जिवंत राहिला पाहिजे, त्याचं हृदय, मूत्रपिंड, हाडं धड राहिली पाहिजेत. तरच उद्याचा उपचार त्याच्या उपयोगाचा.

म्हणून जाता जाता चार गोष्टी सांगतो. मोठ्या शास्त्राच्या मानाने त्या लहान वाटतील.

पहिली, लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासून घ्या. सोपी तपासणी संशयास्पद आली तर पुढची पक्की तपासणी करा. बाळाची तपासणी लहानपणी झाली असेल आणि ती नळीवरची असेल, तर सहा महिन्यांनंतर ती पुन्हा करून घ्या. माझ्यासारख्या डॉक्टरच्या 'ठणठणीत' शब्दावर विसंबू नका.

दुसरी, डॉक्टरने हायड्रॉक्सियुरिया दिलं असेल तर ते मनाने सोडू नका. आमच्या शिक्षिका बाई सांगत होत्या, त्यांच्या गावात तिघांनी ही कॅप्सूल सोडून दिली, कारण कुणीतरी सांगितलं की हे कॅन्सरचं औषध आहे, याने कॅन्सर होतो. पाण्यात पडलेल्याला काढायला टाकलेला दोर बैल बांधायचा आहे म्हणून कुणी सोडून देईल का? मात्र हे औषध चालू असताना वेळच्या वेळी रक्त तपासावं लागतं, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरला विचारावं लागतं.

तिसरी, सिकलच्या मुलाला ताप आला तर वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना. पाणी भरपूर पाजा, थंडीत आणि कडक उन्हात जपा, लसी चुकवू नका.

चौथी, कुणी एजंट येऊन म्हणाला की आमच्याकडे या, मूलपेशीचं इंजेक्शन देतो, आठ दिवसांत सिकल बरा करतो, तर त्याला दारातूनच परत पाठवा. शेत विकायला लावणारे असले लोक मी पाहिले आहेत. खऱ्या उपचाराला वेळ लागतो, तो मोठ्या रुग्णालयात होतो, आणि त्यातले धोके आधी सांगितले जातात. धोका सांगतच नाही, त्याच्यापासून सावध राहा.

शेवटी त्या बाईंची गोष्ट पुरी करतो. त्यांनी लग्न ठरवतानाच नवऱ्याचं कार्ड मागितलं होतं. सासरच्यांना ते थोडं लागलं, पण मुलाने कार्ड आणून दिलं. त्याच्यात दोष नव्हता. मूल हवं होतं तेव्हा त्यांनी डॉक्टरला विचारून कॅप्सूल थांबवली. ते दिवस जड गेले, दोनदा रुग्णालयात राहावं लागलं. पण मुलगा झाला. आईला सिकल, बाप निर्दोष, म्हणजे मुलगा वाहक असणार हे हिशेबानेच ठरलेलं. तरी बाळाची तपासणी करायची होती. रुग्णालयातल्या एका नव्या मुलाने चौथ्या महिन्यातच नळीवरची तपासणी करू म्हटलं.

"मी नको म्हटलं सर," त्या हसून म्हणाल्या. "म्हटलं, आत्ता त्याच्या अंगात पोटातलं रक्त आहे, ते तुम्हाला फसवेल. आठव्या महिन्यात येते."

आठव्या महिन्यात त्या आल्या. पक्की तपासणी झाली. मुलगा वाहक आहे आणि तब्येतीने धडधाकट आहे. हा रिपोर्ट मी दोनदा वाचला, तारीख पाहिली, बाळाचं वय पाहिलं, आणि मगच तो त्यांच्या हातात दिला.